तीच पोरं, दोन खेळ: छोट्या कॉलेजातलं क्रीडा संचालकाचं वर्ष

तालुक्याच्या कॉलेजात क्रीडा संचालकाचं पद एकच असतं. फुटबॉलला एक प्रशिक्षक, बास्केटबॉलला दुसरा, ही चैन शहरातल्या मोठ्या कॉलेजांची. इथे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं एकाच टेबलावर येतं. ज्या कॉलेजाला फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही संघ उतरवायचे असतात, तिथे दोन्हीकडे मुलंही बहुतेक तीच असतात. पटावर हजार-बाराशे नावं असली तरी पावसाळ्यात सकाळी साडेसहाला मैदानावर येणारी वीस-पंचवीस. फुटबॉलचे अकरा, त्यांचे राखीव आणि बास्केटबॉलचे बारा यातूनच काढायचे. म्हणून दोन संघांची दोन वेळापत्रकं कागदावर मांडण्यात अर्थ नाही. गट एकच धरायचा आणि दोन्ही खेळांना लागणारी गोष्ट एकदाच, पण नीट शिकवायची.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत दोन्ही संघ एकाच माणसाने सांभाळायची रीत जुनी आहे. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग कॉलेजात एडी रॉबिन्सन १९४१ साली रुजू झाले. फुटबॉलमध्ये त्यांच्या नावावर ४०८ विजय आहेत, आणि सुरुवातीच्या काळात बास्केटबॉलचा संघही तेच बघायचे. विन्स्टन-सेलमचे क्लॅरेन्स 'बिग हाउस' गेन्स यांनीही बास्केटबॉलमध्ये ८२८ सामने जिंकण्याआधी काही वर्षं फुटबॉल सांभाळला होता. तिथला फुटबॉल अर्थात अंडाकृती चेंडूचा. पण तिथे एका माणसाला हे जमायचं, कारण दोन्ही हंगाम एकापाठोपाठ येतात. नोव्हेंबरात फुटबॉल आटोपतो आणि बास्केटबॉल सुरू होतो. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल शोधला, तोही हिवाळ्यात मुलांना चार भिंतींच्या आत खेळायला काहीतरी हवं म्हणूनच. आपल्याकडे मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक ऑगस्ट ते नोव्हेंबर या पट्ट्यात कोंबलेल्या असतात. दोन्ही खेळांच्या विभागीय स्पर्धा एकाच आठवड्यात येणं ही दरवर्षीची गोष्ट आहे, अपवाद नाही.

आधी या नोकरीबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट (नियमात बसणारी पीएचडी असेल तर त्यातून सूट) आणि खेळाडू म्हणून आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरच्या पातळीवर खेळल्याचा पुरावा लागतो. शिवाय धावण्याची चाचणी असते. पुरुषांना १२ मिनिटांत वयाच्या तिशीपर्यंत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५०० मीटर. महिलांना ८ मिनिटांत तिशीपर्यंत १००० आणि चाळिशीपर्यंत ८०० मीटर. अभ्यासात बुडालेले उमेदवार ही चाचणी किरकोळ समजतात आणि त्या दिवशी धापा टाकतात. कायम पदाचं मूळ वेतन लेव्हल १० मध्ये ५७,७०० पासून सुरू होतं. पण कायम जागा भरल्या जाण्याचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अनेकांची पहिली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर जातात. त्या काळात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स आणि फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकांसाठीचं डी लायसन्स करून ठेवावं. एम. पी. एड. या पदव्युत्तर पदवीत सगळ्या खेळांचं थोडं थोडं शिकवतात. अकरा जणांना एका तासात, एकाही मुलाला रांगेत उभं न ठेवता कसं गुंतवायचं, ते डी लायसन्समध्ये शिकायला मिळतं.

वर्ष सुरू होतं प्रवेशांच्या गर्दीत. बारावीपर्यंत खेळलेली मुलं तेव्हाच हेरावी लागतात. प्रवेश समितीत बसणाऱ्या सहकाऱ्यांना सांगून फॉर्मवर 'खेळ' हा रकाना भरून घ्यायचा आणि त्याच दिवशी फोन नंबर उतरवून ठेवायचा. कोल्हापूर भागात फुटबॉलसाठी वेगळं शोधावं लागत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा तालमी-क्लबांच्या फुटबॉल संघांच्या आसपास वाढलेली मुलं पायात चेंडू घेऊनच कॉलेजात येतात. तिथे अडचण उलटी असते. तालमीचा सराव, शाहू स्टेडियमवरचे सामने आणि कॉलेजचा सराव असा तिहेरी भार एकाच पायावर पडतो. अशा मुलाला कॉलेजच्या सरावात पळवायचं नाही. त्याच्याकडून नुसतं चेंडूचं काम आणि बसवलेल्या फ्री किक करून घ्यायच्या, आणि तालमीच्या वस्तादांशी किंवा प्रशिक्षकांशी सरळ बोलून दिवस वाटून घ्यायचे. मुलाला मधे निरोप्या करू नये.

आता पात्रतेचे कागद. सामना हरण्यापेक्षा कागदावर बाद होणं जास्त लागतं, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या नियमात १ जुलैला वय १७ ते २५ च्या दरम्यान हवं, विद्यार्थी पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा हवा, प्रवेश तात्पुरता नको आणि मुलगा कुठे पूर्णवेळ नोकरीत नको. विद्यापीठाचा पात्रता अर्ज याच धर्तीवर असतो. सोबत दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची प्रवेश पावती, ओळखपत्र आणि प्राचार्यांची सही-शिक्का असलेला फोटो लागतो. अडतं कुठे, ते ठरलेलं आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एका क्रमाने आणि आधारवर दुसऱ्या क्रमाने असतं. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) अजून आलेला नसतो. दुसऱ्या बोर्डातून आलेल्या मुलाचं मायग्रेशन प्रमाणपत्र जमा झालेलं नसतं. एटीकेटीवाल्याने फी भरायची राहिलेली असते. हे सगळं जुलैत तपासलं तर दुरुस्त होतं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी कळलं तर होत नाही. प्रत्येक मुलाची एक प्लास्टिकची फाइल करावी, त्यात मूळ कागद ठेवू नयेत, झेरॉक्सचे तीन संच ठेवावेत. पात्रता अर्जावर नावं जास्तीत जास्त घालावीत. बास्केटबॉलला बारा जणांची मुभा असताना नऊच नावं देणारे लोक आहेत. दोन जण लंगडायला लागले की तिन्ही रिकाम्या जागा डोळ्यासमोर नाचतात.

मैदान आणि कोर्ट, दोन्हीचा पावसाशी झगडा असतो. जुलैत सिमेंटच्या कोर्टवर हिरवट शेवाळ धरतं, आणि त्यावर घसरून गुडघा फिरला की मुलगा वर्षभरासाठी गेला. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून रात्री टाकायची, सकाळी खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. पावडर नीट धुतली गेली नाही तर बूट आणि चेंडू दोन्ही खराब होतात. अनेक कॉलेजांच्या कोर्टवर अजून जुन्या रेषा आहेत: रिंगखाली ६ मीटर रुंद होणारा तिरका पट्टा आणि ६.२५ मीटरची तीन गुणांची रेषा. २०१० पासून पट्टा सरळ आयताकृती, ४.९० मीटर रुंद झाला आणि रेषा ६.७५ वर गेली. जुन्या रेषेवर वर्षभर सराव केलेला मुलगा स्पर्धेत अर्धा मीटर लांबून टाकतो आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटत राहतो.

नवी रेषा आखायला फार काही लागत नाही. शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, मधोमध, रिंगच्या बरोबर खाली खूण करायची. तिथे खिळा धरून ६.७५ मीटरच्या दोरीने चाप मारायचा. दोन्ही बाजूंना मात्र बाजूच्या रेषेपासून ०.९० मीटर आत समांतर सरळ रेषा येते. ती शेवटच्या रेषेपासून २.९९ मीटरवर चापाला मिळाली, तर आखणी बरोबर. दोरी सुती घेऊ नये, ओली झाली की लांबी बदलते. स्टीलचा टेप सर्वांत चांगला. फ्री थ्रोची रेषा शेवटच्या रेषेपासून ५.८० मीटरवर. रिंगची उंची ३.०५ मीटर, आणि ती मागच्या बाजूला न मोजता पुढच्या कडेला मोजायची, कारण मुलं लटकून लटकून पुढची कड खाली आलेली असते. दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेल्या रिंगवर शिकलेला हात दुसऱ्या कोर्टवर चुकतो. बोर्डाच्या मागचे बोल्ट दर महिन्याला पान्याने आवळले तर हा त्रास निम्मा होतो.

फुटबॉलच्या मैदानाचे काटकोन ३-४-५ च्या हिशेबाने काढायचे. कोपऱ्यापासून एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२ मीटर, तिरकं अंतर १५ आलं की कोन सरळ. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानात सगळ्या रेषा मिळून साधारण सातशे मीटर फक्की मारावी लागते, म्हणजे पंचवीस किलोच्या दोन-तीन गोण्या. कळीचा चुना चुकूनही वापरू नये. घामाने किंवा पावसाने ओल्या अंगाला लागला तर भाजतो, डोळ्यात गेला तर दवाखाना. खडूची किंवा संगमरवराची पावडर महाग पडते, पण तीच घ्यावी. पेनल्टीची खूण ११ मीटरवर. ही जागा उडी मारून, खणून सगळ्यांत आधी खराब होते, तिथे दर आठवड्याला माती दाबावी लागते.

चेंडू किती? पंचवीस मुलांना फुटबॉल दहा, बास्केटबॉल आठ, त्यात मुलींसाठी सहा नंबरचे तीन. सिमेंटवर रबरी बास्केटबॉलच वापरायचे, चांगल्या कंपोझिटचे (कृत्रिम चामड्याचे) दोन सामन्याआधीच्या आठवड्यासाठी बाजूला ठेवायचे. हवा भरताना सुई ग्लिसरिनमध्ये बुडवल्याशिवाय घालू नये. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते आणि मग चेंडू 'आपोआप' बसतो. फुटबॉलमध्ये ८.५ ते १५.६ पीएसआय नियमात बसतं. पावसाळी चिखलात खालच्या आकड्याच्या जवळ राहिलं की मुलांना ताबा मिळवणं सोपं जातं. बास्केटबॉल तपासायला गेज नसला तरी चालतं. चेंडूची खालची कड १.८० मीटरवर धरून सोडायचा, उसळी मारताना वरची कड १.२० ते १.४० मीटरच्या मधे यायला हवी.

खरं काम सरावाचं. पहिल्या तीन आठवड्यांत मी खेळ वेगळे करत नाही. सुरुवात फिफाच्या '११+' या वॉर्म-अपने. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम: आधी धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी पुन्हा वेगाने धावणं. हा फुटबॉलसाठी बसवलेला असला तरी घोटा, गुडघा आणि मांडीच्या मागचा स्नायू बास्केटबॉलमध्येही तितकेच जातात, त्यामुळे दोन्हीकडे चालतो. आठवड्यातून निदान दोनदा पूर्ण करायचा. अर्धवट केला, विशेषतः गुडघ्यावर बसून पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम मुलांनी चुकवला, तर त्याचा उपयोग उरत नाही. आणि मुलं नेमका तोच चुकवतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात.

मग बचाव. समोरच्याला अडवणाऱ्या खेळाडूचे पाय दोन्ही खेळांत जवळजवळ सारखेच चालतात: कंबर खाली, वजन पुढच्या चवड्यावर, पाय एकमेकांना न ओलांडता सरकायचं आणि समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. फरक एवढाच की फुटबॉलमध्ये अंग तिरकं ठेवायचं, बास्केटबॉलमध्ये छाती बऱ्यापैकी समोर. हे सरकणं बास्केटबॉलच्या कोर्टवर एकदा घोटून घेतलं की मैदानावर वेगळं शिकवायला लागत नाही. तसंच 'देऊन पळ'. पास देऊन उभं न राहता बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत शिरणं दोन्हीकडे तेच आहे. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध दोन, ड्रिबलला बंदी, असा पंधरा मिनिटांचा खेळ हाताने, मग तोच पायाने. मुलांना तो आवडतो आणि मोकळी जागा दिसायला लागते.

काही सवयी मात्र दुसऱ्या खेळात नडतात. फुटबॉलची मुलं बास्केटबॉलमध्ये पळत येतात, चेंडू हातात घेतात आणि दोन पावलं जास्त टाकतात, म्हणजे ट्रॅव्हलिंगचा नियमभंग. त्यांना आधी दोन्ही पायांवर एकदम थांबणं शिकवायचं, मगच पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून फिरणं. कमरेखाली आलेल्या पासला त्यांचा पाय आपोआप जातो, तोही नियमभंग. बास्केटबॉलची मुलं फुटबॉलमध्ये हाताने धरून ठेवतात, फाउल देत राहतात आणि ऑफसाइडचं भान ठेवत नाहीत. पण त्यांच्यात गोलकीपर सापडतो. उंच आलेला क्रॉस उडीच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर दोन्ही हातांनी धरणं त्यांनी रिबाउंड घेताना केलेलंच असतं. त्यांना त्रास जमिनीलगतच्या चेंडूचा. ते कमरेत वाकतात आणि चेंडू पायांच्या फटीतून जातो. एक गुडघा आत वळवून चेंडूच्या मागे आडवा आणायला शिकवलं की हा दोष महिन्याभरात जातो.

वेळेचं गणित पुस्तकात सापडत नाही. गावाकडून एसटीने येणाऱ्या मुलींची शेवटची सोयीची गाडी संध्याकाळी सुटून गेली की घरी परतायचा प्रश्न, म्हणून मुलींचा सराव सकाळी किंवा मधल्या सुट्टीच्या आसपास. बास्केटबॉलला पाच मुली मैदानात आणि तीन बाहेर असल्या तरी संघ उतरवता येतो, फुटबॉलला अकरा जमवताना दम निघतो. छोट्या कॉलेजाने मुलींचं सुरुवातीचं बळ बास्केटबॉलला द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पर्धेला जाताना सोबत महिला शिक्षिका लागते. तिची परवानगी आणि वर्गांची सोय महिनाभर आधी करून ठेवावी.

दोन्ही स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर कोण कुठे खेळणार, हे आधी ठरवून मुलांना सांगायचं. पूर्ण फुटबॉल सामना खेळलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सिमेंटवर उड्या मारायला लावलं की नडगी आणि मांडी दोन्ही बोलतात. मधे दोन दिवस गेले तर बरं, एक तरी हवाच. तारखा भिडत असतील तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी विनंती वेळापत्रक जाहीर झाल्याच्या आठवड्यातच करावी. नंतर यजमान कॉलेजची तयारी झालेली असते आणि कुणी ऐकत नाही.

स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एक वाईट दिवस आणि बस परतीला. म्हणून बास्केटबॉलमध्ये कमी सरावाच्या संघाने २-३ झोन घ्यावा, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन जणांनी आपापली जागा राखायची. माणसामागे माणूस खेळताना एक जण चुकला की सगळी साखळी तुटते, शिवाय फाउल वाढतात. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. क्वार्टरमधल्या चार सांघिक फाउलनंतर समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो. संघात सातच वापरण्याजोगे असतील तर कागदावर फाउलांचा हिशेब कुणीतरी धरलाच पाहिजे, स्कोअररच्या टेबलावर विसंबू नये. फ्री थ्रो सरावाच्या शेवटी, दमल्यावर, दोन-दोनच्या जोडीने टाकून घ्यायचे. ताज्या हाताने टाकलेले शंभर फ्री थ्रो चौथ्या क्वार्टरच्या कामाचे नाहीत.

फुटबॉलमध्ये बरोबरी झाली की पेनल्टी. पाच जणांची यादी आदल्या रात्री तयार हवी, सहावा आणि सातवाही. गोलकीपरला सांगून ठेवायचं की किक मारली जाईपर्यंत एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा, नाहीतर अडवलेली पेनल्टी पुन्हा मारली जाते. किती खेळाडू बदलता येतील, हे व्यवस्थापकांच्या बैठकीत विचारून लिहून घ्यायचं. प्रत्येक स्पर्धेत ते सारखं नसतं.

पिशवीत बर्फाचा थर्मास, चिकटपट्टी, कात्री, क्रेप बँडेज आणि ओआरएस. एक पाकीट एका लिटर पाण्यात. मुलं ग्लासात अख्खं पाकीट ओततात, ते करू द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बाराचा सामना आला तर पाणी सामन्याच्या दोन तास आधीपासून द्यायला सुरुवात करावी. मुरगळलेल्या घोट्यावर बर्फ पंधरा-वीस मिनिटं, कपड्यातून. जागेवर चोळणं आणि 'ओढून बसवणं' करणाऱ्या हौशी लोकांना लांब ठेवावं. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

विभागीय स्पर्धेतून आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग शिबिर आणि पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. बास्केटबॉलवाल्यांना राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सवही असतो. निवड समितीसमोर मुलाचं नाव नेताना त्याच्या उंचीपेक्षा त्याचे तीन सामने सांगता आले पाहिजेत, म्हणून प्रत्येक सामन्याचे आकडे वहीत हवेत: गुण, रिबाउंड, फाउल, आणि फुटबॉलला गोल, असिस्ट, मिनिटं. सत्र परीक्षा याच काळात येते. प्रत्येक विभागप्रमुखाला दौऱ्याआधी नावांचं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची, नाहीतर अंतर्गत गुणांच्या वेळी मुलगा एकटा पडतो. खेळाचे वाढीव गुण आणि आता सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट हेही याच कागदांवर अवलंबून असतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाची आशा दाखवताना मात्र जपून बोलावं. नुसतं आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्र त्याला पुरत नाही, आणि वरच्या पातळीचं असलं तरी क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते.

जानेवारीत मैदान रिकामं होतं तेव्हा जिमखान्याची नोंदवही उघडायची. फुटलेले चेंडू, फाटलेल्या जाळ्या, तुटलेल्या रिंगा एकेक मोजून निर्लेखनाचा (नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव करायचा, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि त्यानंतरच माल टाकायचा. आधी टाकला तर लेखापरीक्षक तो शोधतात. पुढच्या वर्षाच्या चेंडूंसाठी तीन दरपत्रकंही याच महिन्यात मागवावीत, नंबर, साहित्य आणि कोर्ट सिमेंटचं आहे हे स्पष्ट लिहून. नुसतं 'बास्केटबॉल, दहा नग' लिहिलं की सगळ्यांत स्वस्त तो येतो. मार्चमध्ये मागवलं तर माल एप्रिलमध्ये येतो, बिल पुढच्या आर्थिक वर्षात जातं, मंजूर निधी परत जातो, आणि जूनमध्ये नव्या मुलांसमोर गेल्या वर्षीचेच चेंडू ठेवावे लागतात.